पार्किन्सन्स थांबवणारं इंजेक्शन खरंच आलंय का?

प्रश्न: डॉक्टर, बाबांना दोन वर्षांपूर्वी पार्किन्सन्स निघाला. देवगडला आमची हापूसची कलमं आहेत, पण आता उजवा हात थरथरतो, चाल मंदावलीय. सिंडोपाच्या गोळ्या चालू आहेत. मुंबईचा मामेभाऊ म्हणतो की शुगरचं एक इंजेक्शन आहे, त्याने आजार वाढायचाच थांबतो. शेजारचे काका खाजकुयलीच्या बियांची पावडर देतायत. काय करू?
— एक वाचक, देवगड

उत्तर: ताई, मामेभाऊ अगदीच हवेत बोलत नाहीये. २०२४ मध्ये फ्रान्समधल्या ट्रायलचा रिझल्ट आला, १५६ पेशंट, लिक्सिसेनाटाइड नावाचं शुगरचं इंजेक्शन, वर्षभरात औषधवाल्यांचा हालचालींचा स्कोर होता तिथेच राहिला आणि ज्यांना औषध नसलेलं खोटं इंजेक्शन दिलं त्यांचा साधारण ३ पॉइंटनी बिघडला. फरक छोटाच, त्यात जवळजवळ निम्म्यांना मळमळ. मग २०२५ मध्ये त्याच जातीच्या एक्झेनाटाइडची ब्रिटनमधली ९६ आठवड्यांची ट्रायल आली आणि त्यात काहीच फायदा दिसला नाही. त्यामुळे मी तरी हे बाबांना देणार नाही, वर ही इंजेक्शनं वजन उतरवतात आणि पार्किन्सन्समध्ये माणूस तसाही वाळत जातो.

आशा संपलीय असं नाही हं. खोकल्याच्या औषधातलं अँब्रॉक्सॉल आहे ना, त्याची ब्रिटनमध्ये मोठी ट्रायल चालू आहे (डोस खोकल्याच्या कित्येक पट, म्हणून कृपया बाटल्या आणून पाजू नका!). मेंदूत साचणाऱ्या अल्फा-सिन्युक्लिन प्रोटीनवरची अँटीबॉडीही तपासतायत. पण आज आजार थांबवतो असं सिद्ध झालेलं औषध बाजारात एकही नाही, आणि स्टेम सेलचं लाखांचं पॅकेज कोणी सांगितलं तर तिकडे फिरकूसुद्धा नका.

खाजकुयलीचं म्हणाल तर काका भोंदूगिरी करत नाहीयेत, त्या बियांमध्ये लेवोडोपा, म्हणजे पार्किन्सन्सचं मुख्य औषध, असतंच, सिंडोपातही तेच. म्हणूनच भीती, कारण पावडरीत किती आहे ते कळत नाही आणि गोळीवर ती चढली की उलट्या, चक्कर, अंग वेडंवाकडं हलणं सुरू होतं. न्यूरॉलॉजिस्टला न विचारता नको.

सध्या हातात आहे तो व्यायाम. दम लागेल इतपत जोरात चालणं, आठवड्यातून तीन-चार दिवस, बागेतली कामंही करू देत, फक्त झाडावर चढणं बंद. आणि गोळी जेवणाआधी अर्धा तास, कारण मासे-डाळीतलं प्रोटीन गोळीच्या आड येतं. रात्रीच्या सुरमईवर लगेच गोळी घेत असतील तर आधी ती वेळ बदला.