ऑपरेशननंतरची जीभ

ताई, चहा नकोसा झालाय म्हणून घाबरू नका. वजन कमी करण्यासाठी केलेल्या जठराच्या बायपासनंतर जीभ काही महिने वेगळीच वागते. कुणाला ताक कळकल्यासारखं लागतं, कुणाला फोडणीचा वासही सोसत नाही. यातलं बरंचसं हळूहळू निवळतं.

गोडाचं मात्र मनावर घ्या. जठर आता अगदी छोटं, त्यामुळे बासुंदीची साखर थेट आतड्यात उतरते. अर्ध्या तासात धडधड, घाम, पोटात कळ, जुलाब. याला डंपिंग म्हणतात. कधी दोन-तीन तासांनी रक्तातली साखर घसरून हातपाय थरथरतात, ते वेगळंच. स्लीव्हवाल्यांना, म्हणजे जठर कापून नळीसारखं अरुंद केलेल्यांना, हा त्रास कमी होतो, पण होतच नाही असं नाही. घरचे ‘एवढंसं तर घे’ म्हणतील. खुशाल नाही म्हणा.

मऊ पातळ खिचडी उतरते, मोकळा भात अडकतो. ताज्या पोळीचा तर गोळाच होतो. घास अडकला की छातीत दाब येतो, तोंडाला पाणी सुटतं, फेस उलटून पडतो. अशा वेळी वरून पाणी पिऊ नका. एरवीही पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने.

दुधाने पोट फुगत असेल तर दही खाऊन बघा. ताटात आधी अंडं, पनीर, मुगाचं घट्ट वरण. दिवसाला साधारण 60 ग्रॅम प्रोटीन लागतं. एकदा सोसलं नाही म्हणून पदार्थ कायमचा सोडू नका, काही आठवड्यांनी चमचाभर खाऊन बघा. उलट्या थांबतच नसतील तर मात्र घरगुती उपाय नकोत, त्याच दिवशी सर्जनला फोन.