वैनगंगेवर पहिल्यांदा डोंगा घेऊन निघताय?
भाऊ, तंबू कोणता घ्यायचा ते नंतर पाहू. आधी शेजार सांभाळा. रेतीवर कोणाची चूल पेटलेली दिसली, तर पुढच्या वळणापलीकडे उतरा. नदी काय कमी लांब आहे? स्पीकर घरीच राहू द्या, पाण्यावरून आवाज पार पलीकडच्या काठाला जातो.

नवखे हमखास मासे धरणाऱ्या ढिवरांच्या जाळ्यावरून डोंगा नेतात. थर्माकोलचे तुकडे ओळीने तरंगताना दिसले की खाली जाळं आहे समजा, लांबून वळा. माझ्या वल्ह्यात एकदा गुंतलं होतं. पहाटे जाळंवाले काका आले, एक शब्द बोलले नाहीत. फाटकं जाळं मांडीवर घेऊन सुतळी ओवत बसले.

गोसीखुर्द धरणाच्या खाली असाल, तर पाण्यालगत झोपू नका. दरवाजे उघडले की रेती बुडते.