गोष्ट संपली, ट्रॉफ्या उरल्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१८ च्या ‘गॉड ऑफ वॉर’ या व्हिडिओ गेमची मुख्य गोष्ट संपली, निम्म्याच्या आसपास ट्रॉफ्या (गेममध्ये ठरावीक कामं केल्यावर मिळणारी बक्षिसं) राहिल्यात, मित्र ‘प्लॅटिनम काढच’, म्हणजे सगळ्या मिळवून शेवटची मोठी ट्रॉफी घेच, म्हणून मागे लागलाय, आणि यात मजा आहे की नुसता वेळेचा चुराडा, हे तुम्हाला कळत नाहीये. शिवाय प्लॅटिनम मिळाल्यावर नेमकं काय वाटतं, हेही विचारलंय.

शेवटचं आधी सांगतो. फारसं काही वाटत नाही. टिंग वाजतं, कोपऱ्यात कप चमकतो, सोनीचं पीएस फोर मशीन आपणहून त्या क्षणाचा फोटो काढून ठेवतं, पीएस फाइव्ह तर छोटा व्हिडिओच. तो मी दोघातिघांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. एक जण ‘भारी’ म्हणतो, दुसरा ‘कामधंदा नाही का रे?’ म्हणतो. झालं. नुसत्या कपासाठी करणार असाल तर राहू द्या. कपापर्यंत पोचेस्तोवर काय घडतं ते त्या गेमच्या यादीवर अवलंबून असतं, आणि याद्यायाद्यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

हे खूळ आलं कुठून, तेही सांगून टाकतो. मायक्रोसॉफ्टने २००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० या आपल्या मशीनबरोबर ‘अचीव्हमेंट्स’ आणि त्यांच्या गुणांचा गेमरस्कोअर आणला. सोनीने २००८ मध्ये पीएस थ्रीवर ट्रॉफ्या आणल्या आणि २००९ पासून नव्या गेमना त्या सक्तीच्या केल्या. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, आणि मूळ गेममधल्या बाकीच्या सगळ्या मिळाल्या की प्लॅटिनम. २०२० मध्ये या ट्रॉफ्यांवरून ठरणाऱ्या खेळाडूच्या लेव्हलचा हिशोब बदलला, शंभराच्या जागी ९९९ लेव्हल झाल्या आणि प्लॅटिनमचे गुण १८० वरून ३०० झाले. या गुणांचं होतं काय? काहीही नाही. दुकानात चालत नाहीत, बायकोला सांगता येत नाहीत.

तरीही माणसं रात्ररात्र जागतात, कारण आपल्याकडे लहानपणापासून पानात टाकायचं नाही, अशी शिकवण असते. यादीत काही उरलंय म्हटलं की हात शिवशिवतात. पण इथे पान दुसऱ्यानेच वाढलेलं असतं आणि वाढणाऱ्याला आपल्या भुकेचा अंदाज असेलच असं नाही. ट्रॉफ्यांची यादीही कुणीतरी बसून ठरवलेली असते. ‘आमच्या गेममध्ये बघण्यासारखं हे आहे,’ असं ती यादी सांगत असते. काही याद्या मन लावून केलेल्या कळतात, काहींत नुसती भरती असते.

तुमचाच गेम घ्या. ओडिनचे, म्हणजे नॉर्स पुराणातल्या मुख्य देवाचे, हेरगिरी करणारे एक्कावन्न कावळे मारायचे, ही ट्रॉफी ऐकायला भिकार वाटते. एक्कावन्न! मी यादी पाहिली तेव्हा माझ्याही कपाळाला आठ्या पडल्या होत्या. पण ते कावळे हिरवट उजेडाचे, पारदर्शक असतात, आणि त्यातले बरेचसे दिसायच्या आधी ऐकू येतात. हेडफोन लावून चालत असलं की डावीकडून, वरून कुठूनतरी चिरका ‘क्राऽ’ येतो. मग थांबायचं, कॅमेरा हळूहळू फिरवायचा, कड्याच्या टोकाला, मोडक्या पुतळ्याच्या खांद्यावर, कमानीच्या मागे शोधायचं. सापडला की कुऱ्हाड फेकायची. उडत्या कावळ्यावर नेम धरताना त्याच्या थोडं पुढे मारावं लागतं. चुकली तर त्रिकोणाचं बटण दाबलं की ती सपकन हातात परत येते आणि कंट्रोलर थरथरतो. मुख्य गोष्टीत आपण ज्या दऱ्यांमधून मान खाली घालून पळालेलो असतो, त्यांचं छत मी पहिल्यांदा या कावळ्यांमुळे पाहिलं. ओडिन सगळ्यांवर नजर ठेवून आहे हे गोष्टीत दहादा सांगितलेलं असतं. ते खरंखुरं जाणवतं ते कावळ्यांच्या रूपातले त्याचे हे डोळे फोडत हिंडताना.

आणि होडी. कावळे आणि बाकीच्या वस्तू शोधायच्या म्हणजे त्या मोठ्या तळ्यात सतत वल्हवत राहावं लागतं. होडीत नायक क्रेटॉसच्या कमरेला लटकलेलं मिमिर नावाच्या जाणत्या म्हाताऱ्याचं बोलतं मुंडकं गोष्टी सांगत असतं. ओडिनचा लोभ, थोरने मारलेले राक्षस, कुणी कुणाला कसं फसवलं. किनाऱ्याला लागलात की बुवा मध्येच थांबतो, आणि पुन्हा होडीत बसलात की जिथे सोडलं होतं तिथून पुढे चालू. मी कितीदा तरी किनारा समोर असताना होडी मुद्दाम गोल फिरवली आहे, गोष्ट पुरी व्हावी म्हणून. मुख्य गोष्ट संपवून गेम बंद करणाऱ्याच्या वाट्याला यातलं फार थोडं येतं.

म्हणून या यादीला मी चांगली म्हणतो. शिवाय तिच्यात अमुक डिफिकल्टीवर गेम संपवा अशी ट्रॉफीच नाही. हा मोठेपणा आहे. कितीतरी गेम तुम्हाला तीच गोष्ट सगळ्यात अवघड पातळीवर पुन्हा खेळायला लावतात आणि त्याला ‘आव्हान’ म्हणतात.

वाईट यादी बघायची तर ‘रेड डेड रिडेम्प्शन २’. गंमत म्हणजे चांगलीही त्यातच सापडते. सगळ्या प्राण्यांचा अभ्यास करायची एक ट्रॉफी आहे. दुर्बीण घेऊन दलदलीच्या कडेला बसायचं, बगळा कुठला, करकोचा कुठला ते बघायचं, बंदूक खोगिरालाच राहू द्यायची. त्या गेमचा सगळा जीव अशा रिकाम्या वेळात आहे आणि ट्रॉफी तुम्हाला बरोबर तिथे नेऊन बसवते. पण त्याच यादीत शंभर टक्के पूर्ण करायची ट्रॉफी आहे आणि तिच्या पोटात जुगाराची आव्हानं. ब्लॅकजॅकमध्ये तीन किंवा जास्त पत्ते मागून, म्हणजे हातात किमान पाच पत्ते असताना एकवीसच्या आत राहून, तीन डाव जिंकायचे. त्यानंतर डोमिनोज या सोंगट्यांच्या खेळाचे सलग तीन डाव जिंकायचे. यात कौशल्य किती आणि नशीब किती ते तुम्हीच ठरवा. वाटणारा प्रत्येक पान सावकाश, आपल्यावर उपकार केल्यासारखं टाकतो. त्या टेबलावर बसून मला गेमचा नायक आर्थर मॉर्गनबद्दल नवीन काही कळलं नाही. मला फक्त मोबाइलवर बातम्या वाचायची सवय लागली.

‘फायनल फँटसी टेन’वाल्यांना तर सलग दोनशे विजा चुकवायची ट्रॉफी आहे. एकशे नव्वदावी लागली की परत शून्य. अशांना लांबूनच नमस्कार.

सोनीच्या याद्यांमध्ये टक्केवारीही दिसते, म्हणजे खेळणाऱ्यांपैकी किती जणांना ती ट्रॉफी मिळाली ते. अगदी कमी टक्का असेल तर ‘अल्ट्रा रेअर’. तुमच्या मित्राला बहुधा हा आकडा चढलेला आहे. माझ्याही ओळखीत असे आहेत की गेम घेण्याआधी प्लॅटिनम किती सोपं ते बघतात. अर्ध्या तासात प्लॅटिनम देणारे फुटकळ गेमही विकत मिळतात, ज्यात एकच बटण दाबत बसायचं असतं. ते घेणाऱ्यांना मी हसत नाही, पण मग त्याला खेळणं म्हणायची गरज नाही.

गेम बनवणाऱ्यांनाही हे वेड ठाऊक आहे. ‘द स्टॅनली पॅरेबल’मध्ये पाच वर्षं गेम न खेळल्याबद्दल एक अचीव्हमेंट होतं, नव्या आवृत्तीत ते दहा वर्षांचं केलं. निन्टेन्डो स्विचवर तर मशीनच्या पातळीवर ट्रॉफ्याच नाहीत. तरी ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये नऊशे कोरोक बिया लपवल्या आहेत. पिशवीतल्या सगळ्या जागा वाढवायला ४४१ पुरतात. नऊशेच्या नऊशे गोळा करून नेल्यात तर बक्षीस म्हणून एक सोनेरी वेटोळं मिळतं, ज्याचा आकार पाहून काय मिळालंय ते पोरांनाही कळतं. मला तो विनोद फार आवडतो. माणसाने वाटेत दिसेल तो दगड उचलून बघावा एवढ्यासाठी त्यांनी बिया इतक्या पेरल्या. सगळ्या शोधा असं कुणी म्हटलंच नव्हतं.

आता तुमचं. प्लॅटिनम काढायचं की नाही हे आज ठरवू नका. आधी कावळे आणि वस्तू एका भागापुरत्या करून बघा. नकाशावर त्या त्या भागात काय किती राहिलंय ते दिसतं. गाइड उघडायची घाई नको, शेवटचे दोनचार अडले तरच. एक-दोन भाग झाल्यावर होडीत कंटाळा येत असेल तर खुशाल सोडा, गोष्ट तुम्ही पाहिलेली आहेच.

मजा आली तर पुढे व्हॅल्किरी, म्हणजे पंख असलेल्या लढवय्या बाया, आहेत, आठ आणि नववी त्यांची राणी सिग्रुन. सिग्रुनकडे थेट जाऊ नका, जाताही येत नाही. आठ जणींना हरवून त्यांची शिरस्त्राणं सिंहासनांवर ठेवल्यावरच ती येते. आधी मुस्पेलहाइम या आगीच्या जगातल्या अग्निपरीक्षा उरका, मग निफ्लहाइम या दुसऱ्या जगाच्या विषारी धुक्यात चिलखत जमवा. धुक्यात हाव नडते. आणखी एक पेटी म्हणून थांबलात आणि मेलात तर गोळा केलेलं सगळं जातं, तेव्हा वेळेत बाहेर पडायला शिका. एकेका व्हॅल्किरीची एकेक खोड असते आणि सिग्रुनकडे त्या सगळ्या एकत्र असतात. ती उंच उडून ‘वल्हाला!’ ओरडली की लगेच बाजूला लोळण घ्या, ढालीच्या भरवशावर राहू नका. वार येण्याआधी लाल कडं दिसलं की चुकवायचं, पिवळं दिसलं तर ढाल फुटणार.

फारच मारायला लागली तर डिफिकल्टी खाली आणा, ट्रॉफी तीच मिळते. फक्त सुरुवातीला सगळ्यात अवघड पातळी निवडली असेल तर ती मध्येच बदलता येत नाही. आणि मित्राला सांगायची काही गरज नाही, यादीत तसं काही लिहून येत नाही.