सिल्व्हराडो ट्रकचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तिसऱ्या गिअरला घसरतो. दोष कसा शोधावा?

आपल्या ट्रकमध्ये ४एल६०ई हा चार गिअरचा गिअरबॉक्स आहे असे धरून लिहितो. गाडी सपाट जागी, इंजिन चालू आणि गिअरबॉक्स गरम असताना प्रथम गिअरबॉक्सच्या तेलाची पातळी पाहावी; तेल काळपट असून जळका वास येत असेल, तर नुसते तेल बदलून भागत नाही. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना इंजिनाचे फेरे वाढतात पण वेग वाढत नाही, तेव्हा बहुधा गिअरबॉक्सच्या आतला तिसऱ्या-चौथ्या गिअरचा क्लच झिजलेला असतो. मात्र दुसरा, चौथा आणि रिव्हर्स हे तिन्ही एकाच वेळी गेले असतील, तर सन गिअरचे (गिअरसंचातल्या मधल्या गिअरचे) कवच तुटल्याचा संशय घ्यावा. गिअरबॉक्स उघडण्यापूर्वी तेलाचा दाब गेजने मोजून घ्यावा. दुर्दैवाने हीच पायरी पुष्कळदा गाळली जाते.