चमकणारे जलरंग रबर स्टँपवर लावले की त्यांचे थेंब होतात. शुभेच्छापत्रांवर ठसा नीट कसा उमटवायचा?

तुम्ही लिहिलंय की रंग ब्रशने स्टँपवर लावला की तो गोळा होतो, ठसा तुटक येतो आणि दिवाळीची कार्डं अडून राहिली आहेत. तुमचे रंग खराब नाहीत आणि स्टँपही बिघडलेला नाही. रबरावर पाणी टिकतच नाही. पॅडवरची शाई रबरावर पसरावी म्हणून मुद्दाम दाट केलेली असते, जलरंग मात्र कागदासाठी बनलेला असतो. शिवाय या रंगांतली चमक अभ्रकाच्या बारीक कणांची असते. ते पाण्यात विरघळत नाहीत, तळाशी बसतात. रंग पातळ केलात की स्टँपवर नुसतं गढूळ पाणी जातं आणि चमक वडीतच राहते.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: ठशाकडून फक्त रेषा घ्या, चमक ब्रशने भरा.

३०० जीएसएमचा म्हणजे चांगला जाड, शक्यतो गुळगुळीत जलरंगाचा कागद घ्या. त्यावर आधी कोरड्या ब्रशने किंचित टाल्कम पावडर फिरवून झटका, म्हणजे एम्बॉसिंग पावडर (तापवली की वितळून उठावदार रेघ होणारी पूड) नको तिथे चिकटत नाही. सावकाश सुकणाऱ्या, चिकट एम्बॉसिंग शाईने ठसा उमटवा, लगेच वर सोनेरी किंवा पारदर्शक एम्बॉसिंग पावडर टाका, जास्तीची झटकून परत डबीत घ्या आणि हीट गनने, म्हणजे खूप गरम हवा सोडणाऱ्या यंत्राने तापवा. केस वाळवायचा ड्रायर चालत नाही, तो पावडर उडवतो आणि तेवढा तापतही नाही. पावडर वितळताना बघत राहावंसं वाटतं: खरखरीत रेघ एका क्षणात ओलसर, तुकतुकीत होते. तिथेच थांबा, कागद करपू देऊ नका. आता ही रेघ म्हणजे शेताचा बांध झाली. तुम्ही आत रंग सोडलात की तो बांधापाशी अडतो.

रंगाच्या वडीवर दोन-तीन थेंब पाणी टाकून पाच मिनिटं थांबा. दुधावरच्या सायीइतका दाट झाला की घ्या, आणि दर वेळी ब्रश तळातून फिरवा.

थेट रंगाचाच ठसा हवा असेल तर तोही जमतो, पण तो मऊ, थोडा पुसट येणार हे मनाशी धरून चला. नवा स्टँप आधी खोडरबरने हलका घासा, वरचा तुळतुळीतपणा जातो. पारदर्शक प्लास्टिकच्या स्टँपपेक्षा लाल रबरावर रंग बरा टिकतो. दाट रंग लावा, कागदावर टेकवायच्या आधी स्टँपवर तोंडाने एकदा वाफ सोडा, मग सरळ दाबा आणि सरळ उचला. कोयरीचा ठसा असा घेतला की तिच्या वळणात रंग साचतो, आणि वाळल्यावर तिथेच सगळ्यात जास्त चमक दिसते. मला तो भाग फार आवडतो.

कागदाचा रंगही बघा. पांढऱ्यावर सोनेरी आणि तांबूस छटा उठतात, पण मोतिया आणि फिकट निळ्या जवळजवळ दिसेनाशा होतात. त्याच छटा काळ्या किंवा गर्द जांभळ्या कागदावर लखलखतात. सगळी कार्डं करायच्या आधी दोन्हींवर एकेक पट्टी ओढून खिडकीपाशी तिरपी धरून बघा.

शेवटी एक, जे मी फार उशिरा शिकले. भाच्याच्या मुंजीच्या पत्रिका मी अशाच रंगवल्या होत्या आणि वाळल्या म्हणून रात्री एकावर एक रचून ठेवल्या. सकाळी प्रत्येक पत्रिकेच्या पाठीवर खालच्या पत्रिकेचं सोनं लागलेलं. अभ्रक कागदात मुरत नाही, डिंकाच्या आधाराने वरवर बसून असतं. त्यावर ब्रशने वॉर्निश लावू नका, पाण्याचं असेल तर रंग पुन्हा ओला होऊन पसरतो. रात्रभर सुटी सुटी वाळवा आणि पाकिटात घालताना वर बटर पेपरचा तुकडा ठेवा.