वाचकांचे प्रश्न : स्वेटरच्या कारखान्यातील इंटर्नशिप

प्रश्न : मी निटवेअर डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. उन्हाळ्यातील दहा आठवड्यांच्या इंटर्नशिपसाठी मला लुधियान्यातील एका स्वेटरच्या कारखान्याच्या नमुना विभागात किंवा तिरुपूरमधील एका टी-शर्ट निर्यातदाराकडे जागा मिळू शकते. विणयंत्राचे प्रोग्रामिंग मला येत नाही. कोठे जावे? आणि नुसती चित्रे काढण्याचेच काम पदरी पडले तर काय करावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : दोन्ही शहरे विणलेल्या कापडाचीच असली, तरी कामाची जात वेगळी आहे. तिरुपूरमध्ये मुख्यतः गोल विणयंत्रांवर सुती कापड नळीसारखे सलग विणले जाते, रंगवले जाते आणि नंतर मापाने कापून शिवले जाते. त्यामुळे डिझायनरचे बरेचसे लक्ष कापडाचे वजन, छपाई आणि कपड्याची बेतणी यांकडे असते. लुधियान्यात सपाट विणयंत्रावर टाके वाढवत-घटवत पाठ, पुढचा भाग आणि बाह्या थेट आकारात विणता येतात व नंतर त्या लिंकिंगच्या यंत्रावर जोडल्या जातात. येथे कापड आणि कपडा यांचा विचार एकदमच करावा लागतो, आणि तुमच्या विषयाचा गाभा तोच असल्यामुळे माझे मत लुधियान्याच्या बाजूने आहे. थंडीचा माल उन्हाळ्यातच विणला जात असल्याने तुम्हाला तेथे रिकामे बसावे लागेल असेही वाटत नाही.

प्रोग्रामिंगची धास्ती घेऊ नका. यंत्र जपानी शिमा सेइकीचे असो, जर्मन स्टोलचे असो वा चिनी, त्याची प्रणाली दहा आठवड्यांत हातात बसत नाही आणि शहाणा माणूस तशी अपेक्षाही ठेवत नाही. मात्र प्रोग्रामरच्या शेजारी रोज तासभर बसण्याची परवानगी पहिल्याच आठवड्यात मागून घ्या. साध्या विणीतला टाका उंचीपेक्षा रुंद असतो, म्हणून चौकोनी आलेखावर काढलेले वर्तुळ यंत्रातून चेपलेले बाहेर येते. ही गोष्ट वर्गात ऐकून जितकी कळते त्याहून अधिक आपलेच फूल चपटे झालेले पाहून कळते. दोन रंगांच्या जकार्डमध्ये, म्हणजे विणतानाच रंगीत धाग्यांनी उमटवलेल्या नक्षीत, न वापरलेला धागा मागे लांबवर मोकळा राहिला, तर घालताना त्यात बोटे अडकतात. असे चित्र प्रोग्रामर परत पाठवतो, आणि त्यात त्याचा आकस नसतो.

मापांचा हिशेबही तेथेच शिका. समजा, बारा गेजच्या, म्हणजे इंचाला बारा सुया असलेल्या यंत्रावरच्या नमुन्यात 10 सेंटिमीटरला 50 टाके भरले आणि 50 सेंटिमीटर रुंदीसाठी तुम्ही 250 सुया धरल्या. तोच नमुना धुऊन, वाळवून, विसावू दिल्यावर 52 टाके भरले, तर पाठ 48 सेंटिमीटरच होते. म्हणून प्रत्येक नमुन्याला चिठ्ठी बांधून त्यावर सुताचा प्रकार व नंबर, यंत्राचे गेज, टाक्याची सैल-घट्ट मांडणी आणि धुण्याआधीची व नंतरची मापे लिहा. चित्रे काढण्याचेच काम मिळाले, तरी त्यातले एक चित्र नमुना होईपर्यंत आपल्याकडे ठेवण्याची विनंती करा. ती सहसा कोणी मोडत नाही. विद्यावेतन आणि राहण्याची सोय यांविषयी मात्र जाण्यापूर्वी लेखी विचारा.

प्रश्न : इंटर्नशिपमध्ये केलेले नमुने पोर्टफोलिओत लावता येतात का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : ग्राहकाचा माल बाजारात येण्यापूर्वी मुळीच नाही, आणि त्यानंतरही कारखान्याच्या लेखी संमतीनेच. त्याऐवजी उरलेल्या सुतात स्वतःचे चार-पाच नमुने विणून घेण्याची मुभा मागा आणि फसलेला नमुनाही दुरुस्त केलेल्याशेजारी लावा. मुलाखत घेणारे त्या जोडीवरच अधिक प्रश्न विचारतात.