गावच्या शाळेचं नाव काय सांगू?

ताई,

मी काळाचौकीला राहते. नातू पाचवीत आहे. चौथीपर्यंत घरामागच्या म्युनिसिपालटीच्या मराठी शाळेत होता. शाळा चांगली होती. दप्तर, वह्या, बूट, रेनकोट धरून २७ वस्तू फुकट मिळायच्या. बाई जीव लावायच्या. तो मॉनिटर होता, माइकवर प्रार्थना सांगायचा. सुनेनं हट्टानं काढलं आणि खासगी इंग्रजी शाळेत घातलं. फी ऐकून माझी छातीच दडपली. शेजारीण म्हणते, आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्काच्या कायद्यातून, फुकट झालं असतं, पण सुनेला धावपळ नको. मी बोलले तर मुलगा म्हणतो, आई, तू यात पडू नकोस.

जूनपासून पोर पार बदललंय. वर्गात तोंड उघडत नाही, अशी टीचरची तक्रार. एका मुलानं वाढदिवसाला बोलावलं, तर पोटात दुखतंय म्हणून गेला नाही. सोडायला-आणायला मीच जाते. पहिल्या आठवड्यात गेटवर एका मुलाच्या आईनं विचारलं, आधी कुठल्या शाळेत होता? मी म्हटलं, गावी, राजापूरला. त्यालाही सांगून ठेवलं, कोणी विचारलं तर हेच सांग, उगाच पोरं चिडवायला नकोत. पोर हुशार आहे हो. परवा मला विचारतो, आजी, गावच्या शाळेचं नाव काय सांगू? पण हसणं-खेळणं गेलं त्याचं. याला सूनच जबाबदार ना? त्याला जुन्या शाळेत परत घालायला मुलाला कसं पटवू?

एक आजी

*

आजी,

सुनेचं राहू द्या. फीचंही राहू द्या. पत्राच्या शेवटी तुम्ही एक वाक्य कौतुकानं लिहिलंत आणि पुढे निघून गेलात. मी तिथेच थांबलेय. ‘आजी, गावच्या शाळेचं नाव काय सांगू?’

ही हुशारी नाही. पोर कात्रीत सापडलंय. डबा खाताना शेजारच्या मुलानं सहज विचारलं असणार, तुझ्या गावच्या शाळेचं नाव काय रे? आणि याचा घास तिथेच अडला असणार. दहा वर्षांचा जीव तो. गाव त्याला ठाऊक आहे ते गणपतीतलं आणि मे महिन्यातलं. काजूच्या बिया कशा भाजतात ते विचारा, तास तास बोलेल. पण गावची शाळा? तो सुट्टीतच जातो ना तिकडे? म्हणजे ती त्यानं पाहिली असेल तर कुलूप लावलेलीच. त्या कुलपामागचं त्याला काही माहीत नाही, आणि तुम्ही त्याला रोज आतलं वर्णन करायला बसवलंय.

आता टीचरची तक्रार पुन्हा वाचा. तोंड उघडत नाही. उघडणार कसं? मी मॉनिटर होतो म्हणावं, तर पुढचा प्रश्न कुठे. प्रार्थना मीच सांगायचो म्हणावं, तरी कुठे. त्याच्याकडे सांगण्यासारखं जे जे आहे ते सगळं त्या घरामागच्या इमारतीत घडलंय, आणि तिचं नाव घ्यायची त्याला बंदी. वाढदिवसाला तर मुलांच्या आयाही असणार, चौकश्या करणाऱ्या. पोटात दुखणारच. तुम्ही ओवा दिला असेल.

मला हे कसं कळतं विचाराल, तर मीही हे केलंय. १९७८ साली मी माटुंग्याला कॉलेजात होते. वडील गिरणीत, घर परळच्या चाळीत, दहा बाय बाराची खोली. मैत्रिणींना सांगितलं होतं, मी दादरला राहते. मग काय, रोज त्यांच्याबरोबर दादरला उतरायचं, जिन्यापर्यंत जायचं, चप्पल नीट करायच्या निमित्तानं मागे रेंगाळायचं, आणि त्या पूल चढून दिसेनाशा झाल्या की पुढच्या स्लो गाडीत बसून परळ. एका स्टेशनासाठी दोन गाड्या! एकदा त्यांतली एक म्हणाली, आज तुझ्याकडे अभ्यासाला येते. माझ्या पायाखालची जमीन सरकली. त्या दिवशी मी तिच्याशी एका वहीवरून कडाकडा भांडले. वहीचं काही नव्हतंच. ती पुन्हा बोलली नाही माझ्याशी. माजोरडी मुलगी, असंच तिला वाटलं असणार. मी तेव्हा सतरा वर्षांची होते आणि खोटं माझं स्वतःचं होतं. तुमचा नातू दहाचा आहे आणि खोटं त्याचं नाहीच. ते तुमचं आहे.

राग येऊ दे माझा. पत्रात ज्या शाळेची एवढी तारीफ केलीत, ती गेटवर एका प्रश्नासरशी नाकारलीत. सुनेनं शाळा बदलली. शाळा पुसून टाकली ती तुम्ही. आणि लपवलीत कुणापासून? शाळा सोडल्याचा दाखला दिलाच असेल ना ऑफिसात? त्यावर जुन्या शाळेचं नाव ठसठशीत छापलेलं असतं. ऑफिसला माहीत, टीचरला माहीत असणार. फसवायला उरली कोण, तर त्याच्याबरोबर डबा खाणारी चार पोरं. म्हणजे नेमकी तीच, जी त्याची दोस्त व्हायची होती.

शेजारणीलाही सांगून टाका. २००९च्या त्या कायद्यानं खासगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा राखीव आहेत हे खरं, पण तो प्रवेश सुरुवातीच्या वर्गाला मिळतो, पहिलीला नाहीतर त्याआधीच्या शिशुवर्गाला. पाचवीत त्या दारानं कुणी आत जात नाही. सुनेचा यात काडीचा दोष नाही. इतर असतील, मला त्यांत रस नाही.

इंग्रजी जड जाणार, ते मी नाकारत नाही. अपूर्णांक तेच, पण अंश आणि छेदाला न्यूमरेटर आणि डिनॉमिनेटर म्हणायला दिवाळी उजाडेल. तोवर त्याला शंभरदा हात वर करून विचारावं लागेल, टीचर, म्हणजे काय? हात वर करायची भीती त्याला इंग्रजीची नाहीये.

त्यामुळे परत जुन्या शाळेत? मुळीच नाही. मुलाला पटवायच्या भानगडीत पडू नका.

तुम्ही एकच करायचं. ज्या बाईंना तुम्ही राजापूर सांगितलंत, त्यांना उद्या गेटवर गाठा. नातू शेजारी हवा, त्याला आधी आत पाठवू नका. आणि त्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगा: अहो, मी तुम्हाला त्या दिवशी चुकीचं सांगितलं, आमचा हा काळाचौकीच्या म्युनिसिपालटीच्या शाळेत होता, मॉनिटर होता, प्रार्थना सांगायचा. मराठीत सांगा. त्यांना कळतं, तुम्हाला त्यांनी विचारलं ते काही फ्रेंचमध्ये नसेल. घरी त्याला जवळ घेऊन ‘आता खरं सांग हं बाळा’ म्हणालात तर उपयोग नाही. खोटं गेटवर बोललात, ते गेटवरच फेडायचं, आणि आधी तुम्ही.

चिडवतील का? एखादा चिडवेलही. खिचडीवाला म्हणेल दोन दिवस. त्यावर काय बोलायचं ते पोराला सुचेल, कारण खिचडी त्यानं खरोखर खाल्लीय. राजापूरच्या शाळेबद्दल कुणी चिडवलं असतं तर बिचाऱ्याकडे उत्तरच नव्हतं. आणि त्या बाई नाक मुरडतील म्हणून भिऊ नका. मुंबईची महापालिका आठ भाषांतून शाळा चालवते. त्या गेटवर स्कूटर लावून उभ्या असलेल्यांतही त्या बाकांवर बसलेलं कुणीतरी असेलच, आणि तेही माझ्यासारखं दादरला उतरत असेल.

शनिवारपर्यंत हे उरकून टाका आणि मला दोन ओळी लिहा. सुनेचं गाऱ्हाणं त्यानंतर ऐकते.